मांड्याचा चतकोर

"हाई काय शे रे गजा? इतलंसं?"

माझ्या सासऱ्यांचे बालमित्र भटूनाना यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या बशीकडे वाकून पाहिलं. बशीत बिस्किटाएवढ्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकऱ्या होत्या आणि प्रत्येकीवर भरिताचा एकेक लहानसा गोळा. नाना चेष्टेच्या लहरीत आले की अहिराणीत शिरायचे. धुळ्याची गल्ली सोडून नाशकात येऊन त्यांना जन्म लोटला होता, तरी चेष्टेची सुरुवात त्यांना मराठीत जमायची नाही.

"भरीत आहे," बापू, माझे सासरे, म्हणाले. "वैजूनं केलंय."

"ते दिसतंय रे. पण हे जेवण आहे का नैवेद्य? ह्यात माझा दातसुद्धा ओला व्हायचा नाही."

"नाना, अजून पुष्कळ येणार आहे," मी म्हटलं. "इथं असंच असतं. लहान लहान बश्या येतात, त्या मधे ठेवायच्या आणि सगळ्यांनी वाटून खायचं. तुझं ताट, माझं ताट असं नाही."

"म्हणजे हॉटेलातसुद्धा हात आखडूनच खायचं? मग घरी काकू काय वाईट होती!"

शेजारी बसलेल्या काकूंनी नानांच्या गुडघ्यावर चापट मारली आणि सगळे हसले. बापूही हसले. म्हणजे त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. मला मात्र हसू येत नव्हतं. माझे डोळे त्या बशीला चिकटले होते. असं का, ते सांगायचं तर त्या दिवशीच्या सकाळपासून सांगायला हवं.

'एकताट' हे माझ्या नणंदेचं, वैजयंतीचं हॉटेल. मुंबईतल्या एका बड्या हॉटेलातली चांगली जागा सोडून ती नाशकात परत आली आणि गंगापूर रोडला एका इमारतीच्या तळमजल्यावर आठ टेबलं मांडून बसली. "खानदेशीच जेवण करणार, पण लहान बश्यांत, वाटून खायचं," म्हणाली. पहिल्या महिन्यात आमचं सगळं गणगोत येऊन जेवून गेलं. माझ्या सासूबाई, माई, तर दर चार दिवसांनी तिथं जाऊन गल्ल्यापाशी खुर्ची टाकून बसायच्या. आले नाहीत ते फक्त बापू. कधी गुडघा, कधी ऊन, कधी कुणाचं तरी लग्न. रागावले असते तर परवडलं असतं, निदान भांडता आलं असतं. वैजूनं मुंबई सोडतेय म्हणून सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "उत्तम." हॉटेल काढतेय म्हटल्यावर पुन्हा, "उत्तम." आणि मग सात महिने ते त्या हॉटेलची पायरी चढले नाहीत.

शेवटी नानांनी डाव टाकला. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. "मी वैजूकडेच जेवणार, आणि गजा आला नाही तर मी उपाशी राहणार," असं त्यांनी आमच्या दारात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात जाहीर केलं. बापूंना 'गजा' म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं. बापूंचा गुडघा दोन दिवसांत बरा झाला.

तो रविवार होता. मी सकाळीच मदतीला म्हणून हॉटेलात गेले. वैजू बेसनाच्या पातोड्या थापत होती. मी एप्रन बांधतेय तोच ती म्हणाली, "वहिनी, एक सांगते. दादाला बोलू नका, माईला तर अजिबात नको."

"बोल."

"जहाजावरची नोकरी आलीय. मोठ्ठं प्रवासी जहाज. स्वयंपाकघराची प्रमुख म्हणून. उद्या सकाळी होय की नाही ते कळवायचंय."

माझ्या हातातली परात तशीच राहिली. "आणि हे?"

"हे बंद."

"वेडी झालीस का? लोक येतायत. परवा तर बाहेर बाकावर बसून राहिले होते."

"लोक येतायत हो. बापू नाही आले." तिनं पातोडीवर खोबरं जरा जोरातच भुरभुरलं. "त्यांच्या मनात नसताना त्यांच्याच गावात रोज चूल पेटवायची, हे मला जमत नाहीये. त्यापेक्षा समुद्र बरा. तिथं कोण आलं नि कोण नाही आलं, काही वाटायचं नाही."

"पण आज येतायत ना! त्यांनाच विचार की कसं वाटलं."

यावर ती हसली, आणि ती का हसली ते मलाही कळलं. बापूंना काही विचारून उपयोग नसायचा. ह्या माणसानं आयुष्यात कुणाच्याही स्वयंपाकाला नाव ठेवलं नव्हतं. कुणाच्या घरी कच्ची पोळी वाढली तरी "उत्तम". हर्नियाच्या ऑपरेशननंतर दवाखान्यात मिळालेल्या फिक्या खिचडीलासुद्धा "उत्तम". त्यांच्या तोंडातून तो शब्द इतक्या सहज यायचा की त्यातून काहीच कळायचं नाही.

"त्यांच्या तोंडावर माझा विश्वास नाही," वैजू म्हणाली. "मी बश्या बघणार आहे. एक जरी बशी रिकामी होऊन आत आली ना, तरी मी जात नाही."

मी कपाळावर हात मारला.

आता इथं विसपुत्यांच्या, म्हणजे माझ्या सासरच्या, घरची एक रीत सांगायला हवी. मी कोल्हापूरची. आमच्याकडं शेवटच्या तुकड्यावर एका वेळी चार हात पडायचे आणि ज्याचा हात लांब तो जिंकायचा. लग्न होऊन नाशकात आले आणि पहिल्याच आठवड्यात बघितलं, ह्या घरात शेवटचा घास कोणी म्हणता कोणी उचलत नाही. डब्यात एक लाडू राहिला की तो राहिलाच. ताटलीत एक भजं, पातेल्यात एक डाव रस्सा, टोपलीत अर्धी भाकरी. सगळे एकमेकांना "घे ना" म्हणणार आणि कोणी घेणार नाही. मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारलं तर म्हणाला, "बापू घेत नाहीत, म्हणून आम्ही घेत नाही." बापूंना विचारायची माझी टाप नव्हती. मी मनाशी ठरवून टाकलं, ही यांची सभ्यता. जास्तीची सभ्यता. दुसऱ्या दिवशी माई तो उरलेला घास चहाबरोबर संपवायच्या, "टाकवत नाही बाई," असं म्हणत.

"अगं, तुमच्याच घरचं माणूस ते," मी वैजूला म्हटलं. "जन्मात शेवटचा घास घ्यायचे नाहीत. ही कसली परीक्षा काढलीस?"

"घेतात. मनापासून आवडलं तर घेतात. मी पाहिलंय." तिचे हात थांबले. "मी आठ वर्षांची होते. आखाजीच्या सणाला आजीनं मांडे केले होते, खापरावर. सगळ्यांचं जेवण झालं आणि एक चतकोर राहिला. बापूंनी तो उचलला आणि खाल्ला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं वहिनी. इतकं आवडलं होतं त्यांना. तेव्हाच मी ठरवलं होतं, मी पण असं काहीतरी करीन."

तीस वर्षं ही मुलगी त्या चतकोराच्या मागं धावत होती.

"आणि तुम्ही हात लावायचा नाही हं," तिनं मला बजावलं. "तुम्ही कोल्हापूरच्या. तुम्ही संपवलेली बशी मी धरणार नाही."

म्हणून मी बशीकडे बघत बसले होते.

भरीत-भाकरीची बशी फिरली. सगळ्यांनी एकेक उचलली. नानांनी दोन घेतल्या. काकू म्हणाल्या, "काय खमंग गं!" माईंनी आजूबाजूच्या टेबलांना ऐकू जाईल अशा बेतानं "आमच्या वैजूच्या हातचं" असं दोनदा म्हटलं. बापूंनी सावकाश चावून खाल्लं, मिशी पुसली आणि म्हणाले, "उत्तम."

बशीत एक भाकरी राहिली.

मी मिलिंदला कोपर मारलं. "घे की."

"बापूंना दे."

"बापू, घ्या ना एवढी."

"राहू दे," बापू म्हणाले.

आशाबाई वाढायला होत्या. त्या आल्या आणि बशी एका भाकरीसकट आत घेऊन गेल्या. स्वयंपाकघर आणि बसायची जागा यांच्यामधे एक रुंद खिडकी होती. तिच्यातून वैजूचं डोकं दिसायचं. तिनं बशीकडे पाहिलं, मग पुन्हा मान खाली घातली.

मग पातोड्या आल्या. त्यांच्यासोबत लाल तर्रीची वाटी. नाना आता रंगात आले होते. "गजा, तुला आठवतं, आपण शाळेतून पळून कुठं पातोड्या खायला जायचो?" बापू म्हणाले, "मी पळून जायचो नाही. तू मला ओढून न्यायचास." आज त्यांचं तोंड बऱ्यापैकी मोकळं झालं होतं, खात होते, बोलत होते, आणि मला आशा वाटायला लागली. शेवटची पातोडी राहिली तेव्हा नानांचा हात तिच्याकडे गेला. म्हटलं, नाना तर नाना, बशी तरी रिकामी जाईल.

बापूंनी नानांचं मनगट धरलं.

"भटू. राहू दे ती."

"अरे हो," असं म्हणून नानांनी शहाण्या मुलासारखा हात मागं घेतला. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला. सत्तरी उलटलेली माणसं, आणि एका पातोडीवरून सभ्यता कसली दाखवताय!

रश्शातले डुबुकवडे आले, एक वडा राहिला. शेवभाजी आली, तळाशी चमचाभर राहिली. भाजलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, आल्या, तर त्यातलाही एक तुकडा बशीत एकटाच फिरत राहिला. मी आग्रह केला, चेष्टा केली, शेवटी "अन्न टाकू नये म्हणतात" असं शास्त्रही काढलं. काही उपयोग झाला नाही. मिलिंद माझ्या कानाशी म्हणाला, "तुला आज झालंय काय?" त्याला काय सांगणार! प्रत्येक बशीबरोबर त्या खिडकीतलं डोकं आणखी खाली जात होतं, आणि ते फक्त मला दिसत होतं.

सगळ्यात शेवटी वैजूनं स्वतः बशी आणली. मांडे. पुरण भरून हातावर फिरवत फिरवत रुमालाएवढे पातळ केलेले, खापरावर भाजलेले, घडी घातलेले, वर तुपाची धार. तिनं बशी ठेवली ती बरोबर बापूंच्या समोर. एप्रनला हात पुसले आणि आत गेली.

मांडे ही आजींची गोष्ट, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या गेल्यापासून आमच्या घरात कोणी मांडे केले नव्हते. बापूंनी एक घडी उलगडली, तुकडा मोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. मी माझा घास गिळला तो कसा लागला हे मला आजही सांगता येणार नाही. मला फक्त बापूंचा चेहरा आठवतो. ह्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकं काही असू शकतं, हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते.

"उत्तम," ते म्हणाले.

बशीत एक चतकोर राहिला होता. बापूंनी त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दोन बोटांनी बशी हळूच स्वतःपासून दूर सरकवली.

मी खुर्ची मागं ढकलून सरळ आत गेले.

आत ओट्यावर सगळ्या बश्या ओळीनं मांडल्या होत्या. एक भाकरी, एक पातोडी, एक डुबुकवडा, वाटीत थोडी शेवभाजी, बिबडीचा तुकडा. आशाबाई कडेला उभ्या होत्या. वैजू फोनवर काहीतरी लिहीत होती.

"काय करतेस?"

"जहाजवाल्यांना होय म्हणून कळवतेय. उद्यापर्यंत कशाला थांबायचं?" आवाज अगदी नेहमीचा होता, तेच मला जास्त लागलं. "मांड्यावर मी तीन महिने घालवलेत वहिनी. खापरं फुटली, हात भाजले. तोसुद्धा परत पाठवला त्यांनी."

"अगं, मांडा खाताना त्यांचा चेहरा तू बघितला नाहीस. मी बघितला."

"मला चेहरा नको. मी बशी बघणार असं म्हटलं होतं." तिचा अंगठा फोनवर थांबलेला होता.

"वैजू."

दारात बापू उभे होते. हातात मांड्याची बशी. हॉटेलच्या स्वयंपाकघरात आपण यावं की नाही ह्या विचारानं ते उंबऱ्याच्या बाहेरच थांबले होते. चपलाही काढून ठेवल्या होत्या.

"बाकीच्या बश्या कुठं आहेत? टाकलं नाही ना काही?"

वैजूनं बोटानं ओटा दाखवला. बापू आत आले. त्यांनी एक मोकळी थाळी घेतली आणि एकेका बशीतलं त्या थाळीत काढायला लागले. भाकरी, पातोडी, वडा. शेवभाजीची वाटी अलगद उचलून कडेला ठेवली. शेवटी मांड्याचा चतकोर, तो मधोमध. दागिन्यांवर खडे बसवण्यात ज्यांचा जन्म गेला त्या हातांनी ते सगळं असं मांडलं की थाळी भरलेली दिसली.

"चल बाहेर," ते म्हणाले.

"बापू, ते उरलेलं..."

"उरलेलं कोण म्हणालं? ठेवलेलं आहे ते. तू जेवलीस का सकाळपासून?"

आशाबाईच म्हणाल्या, "कुठलं जेवतात हो! सकाळी चहा घेतला तेवढाच."

बापू थाळी घेऊन पुढं, त्यांच्या मागं वैजू, तिच्या मागं मी. त्यांनी स्वतःची खुर्ची तिला दिली. थाळी तिच्यासमोर ठेवली आणि स्वतः शेजारी उभे राहिले. मिलिंदनं पटकन दुसरी खुर्ची ओढली तरी बसले नाहीत.

"करणारणीचा वाटा आहे," ते म्हणाले. "खा."

"कोणाचा वाटा?" माईंनी विचारलं.

बापू जरा गोंधळले. सगळे आपल्याकडेच बघतायत हे त्यांना आवडलं नव्हतं. मग ते थाळीकडे बघतच बोलले.

"मी लहान होतो. घरात वीस-बावीस माणसं. आई सगळ्यांचं करायची आणि शेवटी बसायची. एकदा मी पाणी प्यायला आत गेलो, तर ती मिठाशी भाकरी खात होती. त्या दिवशी तिनं भरीत केलं होतं. सगळ्यांनी वाखाणून वाखाणून पातेलं पुसलं होतं. मीसुद्धा. तेव्हापासून मी शेवटचा घास घेत नाही. तो तिचा."

"आणि आम्हालाही घेऊ द्यायचा नाही," नाना म्हणाले. त्यांचा आवाज एरवीचा राहिला नव्हता. "ह्याच्या घरी जेवायला जायचं तर हा दारातच शपथ घ्यायला लावायचा. आम्ही चौथीत होतो."

आणि मग माईंचा आवाज आला.

"अहो, म्हणजे पंचेचाळीस वर्षं घरात जो घास राहायचा, तो माझा होता?"

"मग कोणाचा?"

"आणि मी तो दुसऱ्या दिवशी शिळा म्हणून खात होते! टाकवत नाही म्हणून! सांगायचंत ना एकदा तरी!"

"सांगायचं काय त्यात?" बापू खरोखरच चकित झाले होते. "मला वाटलं, तुला कळतंय."

काकूंनी तोंडाला पदर लावला. त्या हसतायत की रडतायत ते समजेना. मी तर दोन्ही करत होते. वीस वर्षं मी ज्याला जास्तीची सभ्यता म्हणून नाकं मुरडली, त्यातले कितीतरी घास माझ्याच नावानं ठेवलेले होते. माझ्या हातची आमटी, माझ्या हातचे लाडू. ह्या माणसानं न बोलता, न चुकता, रोज माझा वाटा काढून ठेवला होता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण हॉटेलात, आणि तेही सगळ्यांच्या देखत, ते त्यांना मुळीच खपलं नसतं.

वैजूनं थाळीला हात लावला नव्हता. ती बापूंकडे बघत होती.

"पण आजीच्या मांड्याचा चतकोर तुम्ही खाल्ला होता," ती म्हणाली. "आखाजीला. मी पाहिलं होतं. तुम्हाला इतका आवडला होता की तुम्ही रडलात."

बापू आता बसले. सावकाश, गुडघ्यावर हात टेकून.

"तिनं दिला तो. तिच्या घशाखाली काही उतरत नव्हतं तेव्हा. कुणाला सांगितलं नव्हतं तिनं. मांडे केले सगळ्यांसाठी, आणि मला म्हणाली, आज माझा वाटा तू खा." ते मिशीवरून हात फिरवत राहिले. "त्यानंतर ती महिनाभरच होती."

वैजूनं मान खाली घातली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"म्हणून मी इथं येत नव्हतो," बापू म्हणाले. ते तिला विचारत नव्हते की सांगत नव्हते, नुसते बोलत होते. "मुंबईला तुझ्या हॉटेलात आलो होतो एकदा, आठवतं? मागच्या जिन्यात उभी राहून ब्रेड खात होतीस. दुपारचे चार वाजले होते. एवढ्या लोकांचं करून. म्हटलं, ही आता स्वतःचं हॉटेल काढणार, म्हणजे तर हिला कोणी विचारणारसुद्धा नाही. ते बघायला यायचं धैर्य नव्हतं माझ्यात."

"मग 'उत्तम' कशाला म्हणालात?"

"तुझी हौस होती. मोडायची कशी?"

वैजूनं भाकरी उचलली. भरितासकट आख्खी तोंडात घातली. मग पातोडी, मग वडा. दिवसभर उपाशी असलेलं माणूस जसं खातं तशी ती खात होती, आणि आम्ही सहाजण, जेवण झालेली माणसं, हात न धुता तिच्याभोवती बसून होतो. नानांनी तिच्या पेल्यात पाणी ओतलं. पलीकडच्या टेबलावरचे लोक बघायला लागले होते, पण बापूंना त्याची फिकीर नव्हती. मांड्याचा चतकोर तिनं सगळ्यात शेवटी खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिनं ते पुसलं नाही.

थाळी रिकामी झाली तेव्हा तिनं विचारलं, "बापू, जेवण कसं होतं? आणि आता मला उत्तम म्हणायचं नाही."

बापूंनी मिलिंदकडे पाहिलं, माईंकडे पाहिलं. सुटका नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. मग घसा खाकरून ते म्हणाले, "मांडा जमलाय. आईपेक्षा जरासा जाड आहे, पण जमलाय."

"आणि?"

"भरीत फसलंय."

माई दचकल्या. नानांनी "अरे देवा!" म्हणून कपाळाला हात लावला. गजाननराव विसपुत्यांनी सबंध आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी स्वयंपाकात खोट काढली होती. वैजूचा चेहरा मात्र असा उजळला की मला वाटलं, कुणी बक्षीस दिलं असतं तरी तो एवढा उजळला नसता.

"का फसलं?" ती पुढं सरसावून बसली.

"वांगी गॅसवर भाजलीस. धूर कुठाय त्यात? तुराट्यांवर भाजायला पाहिजेत. तुरीच्या वाळक्या काड्या. साल काळी होईपर्यंत."

"नाशकात मिळतील का?"

"इथं कुठल्या! शिरपूरकडं माझ्या ओळखीचा एक शेतकरी आहे, त्याच्याकडून आणाव्या लागतील. पहिल्या खेपेला मी जातो." बापू आता हिशेबीपणानं बोलत होते, सोन्याचं वजन करताना बोलायचे तसे. "पण एकदा आणून भागायचं नाही. तुला दर आठवड्याला लागतील."

वैजूनं एप्रनच्या खिशातून फोन काढला. त्यात लिहिलेला होकार तसाच होता. तिनं तो पुसला, फोन परत खिशात टाकला आणि बापूंकडे वळली.

"लागतील," ती म्हणाली. "दर आठवड्याला लागतील."